पार्कर्स पीसच्या अलीकडे

शनिवार, २१ सप्टेंबर

हीथ्रोहून येणारी बस केंब्रिजमध्ये जिथे सोडते, तिथे स्टँड म्हणावं असं काहीच नाही. एका अवाढव्य मैदानाच्या कडेचा रस्ता आणि ओळीने चार-पाच थांबे. ड्रायव्हरने बसच्या पोटातून माझ्या बॅगा ओढून फुटपाथवर ठेवल्या आणि पुढच्या प्रवाशाकडे वळला. हॉस्टेलची चावी देणारा माणूस पाचला येणार होता. तोवर बॅगांवर बसून मैदानाचा इतिहास फोनवर वाचला.

मैदानाचं नाव पार्कर्स पीस. हा पार्कर म्हणजे ट्रिनिटी कॉलेजचा आचारी. कॉलेजची ही जमीन त्याच्याकडे खंडाने होती. १६१३ साली ती गावाच्या ताब्यात आली, पण नाव आचाऱ्याचंच राहिलं. पुढे वेगवेगळ्या शाळांतून आलेले विद्यार्थी इथे फुटबॉल खेळायचे आणि प्रत्येकाचे नियम वेगळे, त्यामुळे खेळापेक्षा भांडणच जास्त. १८४८ साली त्यांनी बसून सामाईक नियम लिहून काढले. आजच्या फुटबॉलची बरीच मुळं त्यात आहेत. आणि ज्यांच्या नावाने आपली रणजी ट्रॉफी आहे ते रणजितसिंहजी, विद्यापीठाच्या संघात जागा मिळण्याआधी याच मैदानावर गावातल्या क्लबांकडून धावा कुटत होते. संघाने त्यांना घेतलं ते १८९३ साली.

आता एक खुलासा. मी पुण्याच्या एका कला महाविद्यालयातून सेमिस्टरभरासाठी इथे आले आहे. आमच्या आत्याने अख्ख्या सोसायटीत सांगून ठेवलंय, ‘आमची भाची केंब्रिज युनिव्हर्सिटीत गेली.’ केंब्रिज खरं, युनिव्हर्सिटीही खरी, पण दोन्ही एका दमात म्हटलं की घोटाळा होतो. या गावात विद्यापीठं दोन. एक १२०९ सालचं, जगाला ठाऊक असलेलं, नदीकाठचं. दुसरं अँग्लिया रस्किन, मैदानाच्या अलीकडे, ईस्ट रोडवर. मी या दुसऱ्यात. त्याचं मूळ केंब्रिज स्कूल ऑफ आर्टमध्ये आहे. १८५८ साली तिच्या उद्घाटनाचं भाषण जॉन रस्किनने केलं होतं. हा तोच रस्किन, ज्याचं पुस्तक १९०४ मध्ये जोहान्सबर्ग ते डर्बन आगगाडीत वाचून गांधीजींची रात्रीची झोप उडाली आणि त्यातून फिनिक्सची वसाहत उभी राहिली. पिंक फ्लॉइड या रॉक बँडचा सिड बॅरेटही याच आर्ट स्कूलचा. तेव्हा घराणं काही अगदीच ऐरंगैरं नाही.

रात्री फोनवर हे सगळं आत्याला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "असू दे गं, गाव तर तेच ना?"

रविवार, २२ सप्टेंबर

सहा जणांत एक किचन. माझ्या वाट्याला फ्रिजचा मधला कप्पा आणि ओट्याखालचं अर्धं कपाट आलंय. केटल उघडून पाहिली तर तळाला पांढऱ्या खपल्या. आधीच्या कोणी घासली नसेल म्हणून घासली, आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा पातळ पांढरा थर! शेजारच्या खोलीतल्या स्पॅनिश मुलीने सांगितलं, इथलं पाणीच तसं. आजूबाजूची सगळी जमीन चुनखडीची, त्यामुळे पाणी भयंकर जड. चहावर तपकिरी तवंग येतो आणि केस धुतले की काथ्या होतो.

दुपारी मिल रोड बघायला गेले. पार्कर्स पीसच्या एका कोपऱ्याशी तो सुरू होतो, रेल्वेच्या पुलावर चढतो आणि पलीकडे रॉम्से टाऊनमध्ये उतरतो. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, तिच्यात काम करणाऱ्यांसाठी इथे विटांची बुटकी, एकमेकांना चिकटलेली घरं बांधली गेली. आज तीच घरं कोणाला परवडत नाहीत म्हणे. रस्ता मात्र अजून कष्टकऱ्यांचाच वाटतो. तुर्की न्हावी, कोरियन किराणा, जुन्या वस्तूंची दुकानं, सायकली दुरुस्त करणारे. पुलापलीकडे २०१९ साली उघडलेली मशीद. लंडन आय ज्यांनी उभारलं त्याच आर्किटेक्टांची. आत लाकडाचे खांब जमिनीतून झाडासारखे वर येतात आणि छताशी पोचल्यावर फांद्या एकमेकींत गुंतून सगळ्या छतावर जाळी पसरते. कोणीही आत जाऊन बघू शकतं. मी बूट काढून बराच वेळ भिंतीला टेकून बसले. मान वर करून बघायला लागेल अशी इमारत या गावात मला पहिल्यांदा दिसली ती ही.

पुलाच्या अलीकडे एक बांगलादेशी वाण्याचं दुकान सापडलं. दारातच मेथीच्या जुड्या, वीस किलोच्या तांदळाच्या गोण्या, आत फ्रीझरमध्ये अख्खे इलिश मासे. पोहे शोधत होते. काउंटरमागच्या चाचांना हिंदीत विचारलं तर ते म्हणाले, "पोहा? वो क्या?" हाताने खूण केली, चपटा तांदूळ. "अच्छा, चिड़ा!" म्हणत ते उठले आणि मागच्या रांगेतून पाकीट घेऊन आले. पाकिटावर गुजराती वळणाने ‘पावा’ छापलेलं. एका पाकिटात तीन भाषा! मी मेथीही घेतली. चाचांनी पैसे घेताना चौकशी केली, कुठली, काय शिकते, किती दिवस. पुणे म्हटल्यावर म्हणाले, "सचिन?" मी म्हटलं, तो मुंबईचा. ते जरा हिरमुसले.

बुधवार, २५ सप्टेंबर

इंडक्शनचे दोन दिवस फॉर्म, ओळखपत्र आणि आग लागल्यावर कुठे उभं राहायचं यात गेले. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आज सायकल घेतली. या गावात सायकल नसेल तर माणूस अपंग. जमीन सपाट, रस्ते अरुंद, मोटारी मुंगीच्या पावलाने चाललेल्या. सेकंड हँड सायकलींच्या दुकानदाराने माझी उंची नजरेने मापली आणि दाराजवळची एक हिरवी सायकल पुढे केली. दुसरी दाखवा म्हटलं तर म्हणाला, तुझ्या मापाची हीच. ऐंशी पौंड, वर कुलपाचे वेगळे. कुलूप यू आकाराचं, लोखंडी, सायकलीच्या निम्म्या वजनाचं, कारण इथे सायकली चोरीला जातात त्या पुण्यालाही लाजवतील अशा. अंधार पडल्यावर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा कायद्याने हवाच.

गंमत म्हणजे चारशे वर्षांपूर्वी याच गावात टॉमस हॉब्सन नावाचा माणूस विद्यार्थ्यांना घोडे भाड्याने द्यायचा. त्याचा दंडक असा, की तबेल्याच्या दाराशी जो घोडा असेल तोच घ्यायचा, नाही तर चालू लागायचं. परत आलेला घोडा रांगेत शेवटी जाई, त्यामुळे चांगल्या घोड्यांना दर वेळी जुंपलं जात नसे. विद्यार्थ्यांना हा हट्टीपणा वाटला, मला तर घोड्यांची काळजी दिसते. याच हॉब्सनने गावाबाहेरच्या झऱ्यांचं पाणी पाटाने गावात आणायला हातभार लावला. ट्रम्पिंग्टन स्ट्रीटच्या दोन्ही कडांना ते पाट अजून आहेत. सायकलवरून जाताना डावीकडे फार सरकलं तर चाक थेट इतिहासात.

मंगळवार, १ ऑक्टोबर

स्टुडिओचा पहिला दिवस. आमच्या ट्यूटरबाई साठीच्या आसपासच्या, बोटांना शाई लागलेली, स्वेटरला कोपरांवर ठिगळं. त्यांना पहिल्या नावाने हाक मारायची. इतर सगळे मारतात. माझ्या तोंडून ‘मॅम’च बाहेर पडतं, आणि त्या मागे वळून बघतात की इंग्लंडची राणी आली की काय.

सेमिस्टरभराचं काम एकच. गावातली एखादी जागा निवडायची आणि पुन्हा पुन्हा तिथे जाऊन, समोर बसून काढायची. फोटोवरून नाही. शेवटी वही, निवडक चित्रं आणि त्यावर थोडं लेखन. मधे दोनदा क्रिट, म्हणजे काम भिंतीवर लावायचं आणि सगळ्या वर्गाने त्यावर बोलायचं. आमच्याकडे ज्युरीला सर बोलतात आणि आपण मान डोलावतो. इथे शेजारचा नॉर्वेजियन मुलगा तुमच्या पर्स्पेक्टिव्हवर दहा मिनिटं बोलतो आणि तुम्हाला उत्तर द्यावं लागतं. मला ही पद्धत आवडली. तिखट आहे, पण पोटात राहत नाही.

जागा कोणती, विचारल्यावर बहुतेकांनी किंग्ज कॉलेजचं चॅपल, नदीचे पूल, असं सांगितलं. मीही तेच सांगितलं. घरच्यांनाही तेच बघायचंय.

सोमवार, ७ ऑक्टोबर

आज गावात ते जुनं, जगाला ठाऊक असलेलं विद्यापीठ आलं. म्हणजे होतंच, पण रिकामं. आता रस्तोरस्ती आई-बाबांच्या मोटारी, डिक्कीतून निघणाऱ्या उश्या, कुंड्या, गिटारी. काही कॉलेजांच्या दाराशी काळ्या झग्यातली अठरा वर्षांची मुलं फोटोसाठी उभी. आतल्या हिरवळीवर पाऊल ठेवायचं नाही, तो मान फक्त फेलोंचा, म्हणजे कॉलेजच्या वरिष्ठ अध्यापकांचा. गवत इतकं सरळ कापलेलं, की त्याच्यावर चालावंसं वाटत नाहीच. पण पाटी वाचल्यावर वाटतं.

परतताना पार्कर्स पीसच्या मधोमध सायकल थांबवली. तिथे कर्णावरच्या दोन पायवाटा एकमेकींना छेदतात आणि छेदावर एकच जुना, ओतीव लोखंडाचा, चार दिव्यांचा खांब आहे. त्याच्या अंगावर कोणीतरी ‘रिअॅलिटी चेकपॉइंट’ असं रंगवलेलं. नगरपालिकेने पुसावं आणि पोरांनी पुन्हा लिहावं, असं म्हणे अनेक वर्षं चाललं. नाव कोणी पाडलं याच्या कथा बऱ्याच आहेत. त्यातली एक अशी, की आमच्याच कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांनी सत्तरच्या दशकात ते रंगवलं. खांबाच्या पलीकडे झगे, घंटा आणि हिरवळी. अलीकडे भाडं, बस आणि लाँड्री. खरं-खोटं देव जाणे, पण मला ती कथा पटते. पलीकडे राहणाऱ्याला हा खांब नुसता दिवा वाटणार, अलीकडे राहणाऱ्यालाच त्याला नाव द्यावंसं वाटेल.

शनिवार, १२ ऑक्टोबर

आज मुद्दाम सेंट जॉन्स कॉलेजला गेले. आमच्या बाबांची एकच फर्माईश होती, रँग्लर परांजप्यांचं कॉलेज बघून ये.

दापोलीजवळच्या मुर्डीतला मुलगा, अण्णासाहेब कर्व्यांचा मामेभाऊ, पुण्यात शिकून इथे आला आणि १८९९ च्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लर, म्हणजे सर्वांत पहिला, झाला. पहिला भारतीय. तो मान त्यांना पेम्ब्रुकच्या बर्टविसल नावाच्या विद्यार्थ्याबरोबर विभागून मिळाला. त्या काळी निकाल सेनेट हाउसमध्ये गुणानुक्रमे वाचून दाखवत, आणि पहिला कोण याची चर्चा वर्तमानपत्रांतून चाले. १९०९ नंतर क्रम जाहीर करणं बंद झालं. आपल्याकडे मात्र ‘रँग्लर’ ही पदवी नावाला जी चिकटली ती चिकटलीच. परांजपे परत येऊन फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि पुण्याला ते कायम रँग्लरच राहिले.

कॉलेजच्या दरवाजावर एक रंगीत दगडी प्राणी आहे, बाबांना त्याचं चित्र काढून पाठवलं. अंग हरणाचं, तोंड बोकडाचं, शेपूट हत्तीची. त्याला येल म्हणतात. मध्ययुगातली समजूत अशी, की त्याची शिंगं कोणत्याही दिशेला फिरू शकतात. काढायला फारच मजा आली. दोन जपानी पर्यटक माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते.

मग सेनेट हाउससमोर गेले. पांढऱ्या दगडाची, खांबांची, कडक चेहऱ्याची इमारत. परांजपे इथे शिकत असताना, १८९७ मध्ये, स्त्रियांना पदवी द्यावी का यावर इथे मतदान झालं. विरोधकांनी समोरच्या खिडकीतून सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा लटकवला होता. ठराव प्रचंड मतांनी पडला आणि पोरांनी जल्लोष केला. आणि हे कधी, तर फिलिपा फॉसेट नावाच्या न्यूनहॅम कॉलेजच्या मुलीने गणितात सीनियर रँग्लरपेक्षा जास्त गुण मिळवून सात वर्षं झाली होती तेव्हा. मुलींना क्रमांक द्यायचा नाही असा नियम, म्हणून ‘सीनियर रँग्लरच्या वर’ एवढंच वाचून दाखवलं. परांजप्यांची मुलगी शकुंतलाबाई पुढे त्याच न्यूनहॅममध्ये गणित शिकल्या. स्त्रियांना पूर्ण पदवी मिळायला मात्र १९४८ उजाडलं. आपल्याकडे या घराण्याच्या हुशारीच्या गोष्टी पुष्कळ सांगतात, त्यात हा तपशील कोणी सांगत नाही.

मी माझी हिरवी सायकल सेनेट हाउसच्या कुंपणाला टेकवून पंधरा मिनिटं चित्र काढलं. कुंपणाला सायकली लावू नयेत अशी पाटी होती. मला चित्र संपेपर्यंत ती दिसली नाही असं समजू या.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

किंग्ज कॉलेजच्या चॅपलमध्ये संध्याकाळच्या प्रार्थनेला गेले. पर्यटकांना तिकीट असतं, प्रार्थनेला येणाऱ्याला नाही. रांगेत उभं राहायचं, बस्स.

१४४६ मध्ये सहाव्या हेन्रीने पाया घातला आणि दगडी काम पुरं व्हायला जवळजवळ सत्तर वर्षं लागली. वरचं छत जगातलं सर्वांत मोठं पंखाकृती छत. भिंतींतून दगडी शिरा निघतात, पंख्यासारख्या उलगडतात आणि मधोमध एकमेकांना भेटतात. लहान मुलांचा आवाज वर गेला की तो खाली येईपर्यंत पुढचा सूर आलेला असतो. मला त्यातलं धार्मिक काही कळलं नाही, पण गाणं कळलं.

माझं लक्ष जास्त गेलं ते मधल्या लाकडी पडद्यावर. काळसर ओक, त्यावर नक्षी, आणि नक्षीत आठव्या हेन्रीचं आणि राणी अॅन बोलिनचं आद्याक्षर एकत्र गुंफलेलं. १५३० च्या दशकातलं काम. १५३६ मध्ये त्याच हेन्रीने तिचा शिरच्छेद करवला. पडदा कोणी तासून काढला नाही. सुतारांना पुन्हा पैसे द्यायला नको म्हणून असेल, किंवा कोणाच्या लक्षातच आलं नसेल.

नावेतून नदी फिरायची का, असं किंग्ज परेडवर दर पन्नास पावलांवर कोणी ना कोणी विचारतं. भाव ऐकला आणि पुलावरूनच नदी बघितली.

बुधवार, २३ ऑक्टोबर

आज वर्ग प्राणिशास्त्राच्या म्युझियममध्ये. प्रवेश फुकट, आणि आत शिरताच डोक्यावर अख्ख्या फिन व्हेलचा, म्हणजे देवमाशाचा, सांगाडा. तो देवमासा १८६५ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पेव्हन्सीला वाहून आला होता. जबड्याचं एकेक हाड माझ्याहून किती तरी लांब. ट्यूटरबाई म्हणाल्या, "देवमाशाचं चित्र नको, वजनाचं चित्र काढा." सगळ्यांनी तासभर फरशीवर आडवं पडून वर बघत कोळशाने काढलं. मला शेवटी जमलं ते त्याच्या बरगड्यांमधल्या मोकळ्या जागा काढून. शाळेच्या सहलीला आलेली पाच-सहा वर्षांची पोरं आमच्या पायांवरून उड्या मारत पुढे जात होती.

रविवार, २७ ऑक्टोबर

रात्री घड्याळ एक तास मागे गेलं. कालपर्यंत पुण्याशी साडेचार तासांचा फरक होता, आता साडेपाच. आईला दोनदा सांगूनही तिने सकाळी आठचा फोन केला तो इथे अडीचला वाजला. आणि संध्याकाळ? पाच वाजायच्या आत काळोख. दुपारी चारला लोक निरोप घेताना ‘गुड इव्हनिंग’ म्हणायला लागले आहेत.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. हॉस्टेलच्या खोलीत मेणबत्तीसुद्धा लावायची नाही असा नियम, पणती तर दूरच. मग ट्रेसिंग पेपर आणि कबाब भाजायच्या काड्या वापरून आकाशकंदील केला, आत सायकलीचा पुढचा दिवा. षट्कोनी आकार नीट आला, खालच्या झिरमिळ्याही जमल्या. दिवा लुकलुकण्यावर ठेवला तर कोरियन मुलगी म्हणाली, अॅम्ब्युलन्स वाटते. स्थिर ठेवला.

चाचांकडून बेसन आणलं, लाडू केले. सगळ्यांनी खाल्ले. इथे पाच तारखेला गाय फॉक्सची रात्र असते, १६०५ साली पार्लमेंट उडवायचा कट फसला त्याची आठवण. त्यामुळे या आठवड्यात रोजच कुठे ना कुठे फटाके वाजतायत. भावाला फोन लावला तर मागून धडाडधूम, तो म्हणाला, "तिकडेही दिवाळी आहे की काय?" मी म्हटलं, हो, त्यांच्या राजाची.

बुधवार, १३ नोव्हेंबर

आजचा दिवस गेला असता नुसता थंडीत, पण संध्याकाळी इन्स्टिट्यूट ऑफ अॅस्ट्रॉनॉमीला गेले. हिवाळ्यात दर बुधवारी तिथे लोकांसाठी व्याख्यान असतं आणि आकाश मोकळं असेल तर दुर्बिणी उघडतात. गावाच्या पश्चिमेला, मॅडिंग्ली रोडवर, सायकलने अर्धा तास. वारा समोरून. हातमोजे घालूनही बोटं बधिर.

जायचं कारण सरळ आहे. शाळेत असताना विज्ञान दिनाला आम्हाला आयुकात, पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेत, नेलं होतं, आणि तिथे नारळीकर सरांचं नाव हजार वेळा ऐकलं होतं. ते १९५७ मध्ये इथे आले, फिट्झविल्यम हाउसमध्ये राहिले. त्यांचे वडीलही रँग्लर, तेही रँग्लर. मग खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलबरोबर संशोधन. हॉइलने साठच्या दशकात ही संस्था काढली तेव्हा सुरुवातीच्या चमूत नारळीकर होते. १९७२ मध्ये ते भारतात परतले, आणि १९८८ मध्ये पुण्यात आयुका उभी राहिली. बाहेर हॉइलचा पुतळा आहे, जणू फिरायला निघालाय. ‘विश्वाला आरंभ नाही’ हे त्याचं म्हणणं बहुतेकांनी सोडून दिलं, पण संस्था त्याचीच आहे.

व्याख्यान निम्मं कळलं. मग मागच्या आवारात नॉर्थंबरलंड दुर्बीण. ही १८३० च्या दशकातली. १८४६ मध्ये जेम्स चॅलिस हिच्यातून एक नवा ग्रह शोधत होता. सेंट जॉन्सच्या जॉन काउच अॅडम्स नावाच्या तरुणाने गणित करून कुठे बघायचं ते सांगितलं होतं. चॅलिसने ऑगस्टमध्ये नेपच्यून दोनदा पाहिला, नोंदवला, आणि ओळखला नाही. नोंदी ताडून बघायला त्याने वेळ काढला नाही. २३ सप्टेंबरला बर्लिनच्या गॅलेने तो शोधला, फ्रान्सच्या ल व्हेरिएच्या गणितावरून. दुर्बीण दाखवणाऱ्या स्वयंसेवक आजोबांनी हे इतक्या हळहळीने सांगितलं, जसं काही परवाच झालंय.

रांग मोठी. पुढे एक बाप सहा वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन उभा. चंद्र जवळजवळ भरलेला, त्यामुळे आकाश उजळ, पण ढगांत एक भोक पडलं आणि शनी मिळाला. यंदा त्याची कडी आपल्याकडे जवळजवळ धारेने आहेत, त्यामुळे चित्रात असतात तशी ताटासारखी नाहीत. पिवळसर ठिपका आणि त्याला आरपार टोचलेली एक सुई. मी पुन्हा रांगेत लागले. दुसऱ्यांदा डोळा लावला तेव्हा एक उपग्रहही दिसला. तिसऱ्यांदा ढग.

खिशातल्या वहीत तिथेच काढलं, काळोखात, न बघता. तेच पान मला सगळ्या वहीत सर्वांत जास्त आवडतं.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

क्रिट. भिंतीवर किंग्जच्या चॅपलची सगळी पानं लावली, शेजारी थोडी मिल रोडची, कारण किराणा आणायला जाताना वही असतेच पिशवीत. ट्यूटरबाई चॅपलसमोरून चालत गेल्या. "हे सुंदर आहे," म्हणाल्या, आणि थांबल्या नाहीत. मग वाण्याच्या दुकानासमोर थांबल्या. मेथीची जुडी दोऱ्याने बांधलेली, तांदळाच्या गोणीवर बसलेली मांजर, काउंटरमागचे चाचा, चष्मा कपाळावर, कॅलक्युलेटरवर वाकलेले. नॉर्वेजियन मुलाने विचारलं, "चॅपलमध्ये माणसं का नाहीत?" माणसं होती, मी काढली नव्हती. तिथे कोणाशी बोलणंच झालं नव्हतं.

बाई म्हणाल्या, चॅपल गेली पाचशे वर्षं लोक काढतायत, त्याला तुझी गरज नाही. मला हे जरा लागलं. छत काढायला मी चार संध्याकाळी मान मोडून बसले होते. पण दुपारपर्यंत त्यांचं पटलं. चॅपलची पानं उतरवली आणि आत्याला पाठवायच्या पाकिटात ठेवली. तिच्या भिंतीवर ती शोभतील, सोसायटीतल्या बायका येऊन बघतील.

शनिवार, ३० नोव्हेंबर

गेला आठवडाभर रोज मिल रोडवर. सकाळी नऊला शटर उघडतं तेव्हापासून. न्हाव्याच्या दुकानात परवानगी काढून कोपऱ्यात बसले, त्याने मला चहा दिला, छोट्या पेल्यात, दोन खडे साखर. पुलावर गेले, खालून जाणारी लंडनची गाडी काढायचा प्रयत्न केला, गाडी थांबत नाही. मशिदीच्या बागेत एका आजींनी माझ्या वहीतलं एकेक पान उलटून बघितलं आणि शेवटी विचारलं, "यातून पैसे मिळतात का?" आईचाच प्रश्न.

आज चाचांना त्यांचं चित्र दाखवलं. पानभर, शाईत. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, वही लांब धरली, जवळ धरली. दुकानातलं गिऱ्हाईक थांबून राहिलं. मग त्यांनी आत हाक मारली, बायको आली, मुलगा आला, फ्रीझरची डिलिव्हरी घेऊन आलेला पोरगाही आला. त्यांच्या सिल्हेटी बोलीत जोरदार चर्चा. मला त्यातलं ‘फोटो’ आणि ‘नाक’ एवढंच कळलं.

शेवटी चाचा म्हणाले, "बेटी, अच्छा है. बहुत अच्छा है. बस पेट थोडा कम कर दो."

मी म्हटलं, शाई आहे, पुसता येत नाही.

"तो दूसरा बनाओ," म्हणत त्यांनी मेथीची जुडी माझ्या पिशवीत टाकली, पैसे घेतले नाहीत, आणि पोट आत ओढून ताठ उभे राहिले.